नावानिशी आकडे

१९२० साली इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले होते. प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक नेल्सन ॲननडेल या अधिवेशनाला आले होते, आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक तरुण प्राध्यापकही. ॲननडेल यांच्याजवळ कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापनाच्या नोंदी होत्या. त्यांचे विश्लेषण कराल का, असे त्यांनी विचारले आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ते काम अंगावर घेतले. भारतीय संख्याशास्त्राचा इतिहास सांगताना सहसा १९३१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटपासून सुरुवात होते. पण त्या संस्थेच्या संस्थापकाला माणसांच्या मोजमापांकडे वळवणारी भेट आपल्या गावात झाली, हे नागपूरच्या विद्यार्थ्याला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

त्या कामातून उगवलेला एक प्रश्न पुढे बरीच वर्षे महालनोबिस यांच्या डोक्यात राहिला. उंची, डोक्याची लांबी, नाकाची रुंदी अशी अनेक मापे एकाच वेळी विचारात घेतली, तर दोन समूह एकमेकांपासून किती दूर आहेत हे कसे सांगायचे? १९३६ साली त्यांनी दिलेले उत्तर आज जगभर ‘महालनोबिस अंतर’ म्हणून ओळखले जाते, आणि संख्याशास्त्रासाठी घडवलेल्या ‘आर’ या संगणकीय भाषेत त्याच नावाचे एक फंक्शन आहे. त्याला तीन गोष्टी द्याव्या लागतात: मोजमापांचा तक्ता, सरासऱ्या आणि सहप्रसरणाचा तक्ता. आता समजा, मोजमापांच्या तक्त्यात पहिला स्तंभ उंचीचा आणि दुसरा डोक्याच्या लांबीचा आहे, पण सरासऱ्यांमध्ये आधी डोक्याची लांबी आणि मग उंची लिहिली गेली आहे. हे फंक्शन पहिल्यातून पहिले वजा करते, दुसऱ्यातून दुसरे. दोन्हीकडे नावे स्पष्ट लिहिलेली असली तरी ती वाचत नाही. उंचीतून डोक्याची लांबी वजा होते, उत्तर नीटनेटके छापून येते आणि कुठेही तक्रार उमटत नाही.

ज्या अभ्यासक्षेत्रात मी तुमचे स्वागत करतो आहे ते इथून सुरू होते. यादीतल्या घटकांना नावे देणे हा आरच्या पाठ्यपुस्तकात दोन पानांत संपणारा विषय आहे. बहुतेक विद्यार्थी तो दहा मिनिटांत शिकतात आणि पुढे समाश्रयण, प्रसरण-विश्लेषण अशा भारदस्त प्रकरणांकडे जातात. माझे म्हणणे असे की त्या दोन पानांपाशी थोडे अधिक थांबावे. क्रमांक हा यादीचा असतो. नाव त्या घटकाचे असते. यादी बदलली, मधे काही घुसले, काही गळले, क्रम फिरला की क्रमांक फिरतो. नाव घटकासोबत चालते, पण ते विचारपूर्वक दिलेले असेल आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर कोणी तरी ते वाचणार असेल तरच उपयोगी पडते. शेतात किंवा प्रयोगशाळेत झालेले मोजमाप निष्कर्षापर्यंत खरे पोचते की वाटेत दुसऱ्याच्या जागी जाऊन बसते, हे बऱ्याच अंशी या नामकरणावर ठरते.

आरबद्दल आधी थोडक्यात. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७६ च्या सुमारास जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस’ नावाची भाषा घडवली. १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी तिच्याच धर्तीवर आर तयार केली, आणि तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी बाहेर पडली. ती मोफत आहे आणि तिचा गाभा कोणालाही उघडून पाहता येतो. जिल्ह्याच्या गावातील एखाद्या महाविद्यालयात जुन्या संगणकावरही ती चालते. परवान्याचे पैसे नाहीत म्हणून संख्याशास्त्र अडून राहिले, अशी परिस्थिती तिच्यामुळे उरलेली नाही.

आता यादी, आरच्या भाषेत लिस्ट, म्हणजे काय ते पाहू. विदर्भात शेतकऱ्याच्या घरी सापडेल असा एक कागद घ्या: मृदा आरोग्य पत्रिका. २०१५ साली केंद्र सरकारने ही योजना सुरू केली. पत्रिकेत शेतकऱ्याची माहिती, गाव, गट क्रमांक, शिफारस केलेली खतमात्रा आणि मातीच्या तपासणीचे बारा आकडे असतात: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. गावाचे नाव हा मजकूर आहे. सामू हा दशांश आकडा आहे. शिफारस हा एक छोटा तक्ता आहे, पिकागणिक वेगळा. या भिन्न जातीच्या गोष्टी एकत्र ठेवायच्या तर साधा व्हेक्टर पुरत नाही, कारण त्यात सगळे घटक एकाच जातीचे असावे लागतात. मजकूर आणि आकडे एकत्र केले तर आर आकड्यांचाही मजकूर करून टाकते. भिन्न जातीचे घटक जसेच्या तसे सांभाळणारी रचना म्हणजे लिस्ट. तिच्या एका घटकात दुसरी लिस्टही ठेवता येते. बारा आकड्यांची ‘तपासणी’ अशीच पत्रिकेच्या पोटात बसते.

नावे न देता ही पत्रिका आरमध्ये भरली, तर पडद्यावर दुहेरी चौकटी कंसात एक, दोन, तीन असे क्रमांक येतात आणि त्यांच्याखाली ते ते घटक. पहिल्या दिवशी पाचव्या क्रमांकावर तपासणी आहे हे आपल्याला पाठ असते. महिन्याभराने नसते. आणि फाइल दुसऱ्याच्या हाती गेली तर त्याला कधीच नसते. नावे द्यायची रीत अगदी सोपी आहे. लिस्ट बनवतानाच प्रत्येक घटकाआधी त्याचे नाव आणि बरोबरचे चिन्ह लिहावे. किंवा आधी लिस्ट बनवून नंतर ‘नेम्स’ या फंक्शनमार्फत सगळी नावे एकदम बहाल करावीत. एखादेच नाव बदलायचे असेल तर नेम्समधला तेवढाच घटक बदलावा. एका ओळीत बनवणे आणि नाव देणे दोन्ही उरकायचे असेल तर ‘सेटनेम्स’ आहे. एवढ्याने तांत्रिक बाजू जवळजवळ संपली.

जवळजवळ अशासाठी म्हटले की आर या बाबतीत फार उदार आहे. सहा घटकांपैकी चारांनाच नावे दिली तर ती उरलेल्या दोघांचे नाव रिकामे ठेवते आणि पुढे चालते. दोन घटकांना एकच नाव दिले तरी हरकत घेत नाही. मग त्या नावाने हाक मारली की पहिला घटक पुढे येतो आणि दुसरा असूनही दिसत नाही. एकाच शेताचे खरिपाआधीचे आणि रब्बीनंतरचे नमुने एका लिस्टमध्ये ‘नत्र’ याच नावाने भरले, तर रब्बीचा आकडा असाच गायब होईल.

डॉलरच्या चिन्हाने घटक मागवण्याची सोय तर याहून उदार. लिस्टमध्ये नसलेले नाव मागितले तर चूक दाखवली जात नाही, ‘नल’ म्हणजे काहीच नाही असे उत्तर मिळते आणि गणित पुढे सरकते. आणि अर्धवट नाव दिले, त्या अर्ध्याने सुरू होणारे एकच नाव लिस्टमध्ये असले, तर तेच अभिप्रेत होते असे आर धरून चालते. लिस्टमध्ये ‘खोली’ हा घटक आहे आणि कोणी ‘खोल’ एवढेच लिहिले, तरी खोली हजर होते. उद्या त्याच लिस्टमध्ये ‘खोलगट’ नावाचा घटक जोडला गेला की दोन नावे जुळतात, निवड करता येत नाही, आणि कालपर्यंत चाललेली ओळ आज ‘नल’ देते. दुहेरी चौकटी कंसात अवतरणासह नाव लिहिले तर अर्धवट जुळणीची ही ढिलाई नसते. तिथे नाव पूर्ण जुळावे लागते. म्हणून माझा आग्रह असा: पडद्यावर काही चाचपून बघायचे असेल तेव्हा डॉलर वापरा, पण जी ओळ फाइलमध्ये राहणार आहे आणि दुसरे कोणी चालवणार आहे, तिथे दुहेरी कंस वापरा. अर्धवट जुळणीवर इशारा देण्याची सोयही आरमध्ये आहे. ती मुळात बंद असते, चालू करून ठेवावी.

याच अर्धवट जुळणीच्या आधारावर जगभरचे संख्याशास्त्रज्ञ रोज काम करतात, हेही सांगितले पाहिजे. आरमध्ये रेषीय समाश्रयणाचे फंक्शन चालवले की उत्तर म्हणून एक लिस्ट मिळते. आरसोबतच येणाऱ्या ‘कार्स’ या पन्नास ओळींच्या तक्त्यावर गाडीचा वेग आणि थांबण्याचे अंतर यांचे समाश्रयण करून पाहा आणि उत्तराला नेम्स लावा. बारा नावे दिसतील: सहगुणक, अवशेष, अनुमानित किमती, स्वातंत्र्यमात्रा वगैरे, अर्थात इंग्रजीत. ‘कोएफिशंट्स’ हे लांबलचक नाव कोणी पूर्ण लिहीत नाही, ‘कोएफ’ एवढ्यावर भागवतात आणि भागते. नवख्याला मात्र या प्रयोगातून वेगळाच लाभ होतो. समाश्रयणाचा जो सारांश पडद्यावर छापला जातो तेच उत्तर, असे त्याला वाटत असते. नेम्स लावल्यावर कळते की तो सारांश म्हणजे दर्शनी भाग. आत बारा नावांची आखणी केलेली पूर्ण नोंद आहे आणि तिच्यातला हवा तो भाग नावाने मागता येतो. कोणतेही अनोळखी उत्तर हाती आले की आधी त्याची नावे वाचावीत, ही सवय इथेच लागते.

क्रमांकावर विसंबण्याचा धोका समजावा म्हणून नागपूर विभागाचेच जिल्हे घेऊ. १९८१ च्या जनगणनेत गडचिरोली नावाचा जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निघाला. म्हणजे १९८१, १९९१ आणि २००१ या तीन जनगणनांत विभागातील जिल्ह्यांची यादी तीन लांबींची आहे. तिन्ही याद्यांतला ‘चौथा जिल्हा’ एकमेकांसमोर ठेवण्यात काहीही अर्थ नाही. नावाने जुळवले तर निदान गडचिरोली १९८१ मध्ये सापडत नाही हे समोर येते, आणि चंद्रपूरचा १९८१ चा आकडा आजच्या चंद्रपूरचा नाही हा पुढचा, खरा प्रश्न विचारता येतो. तो प्रश्न नाव सोडवत नाही. पण नाव नसते तर तो पडलाच नसता.

आता २०११ च्या जनगणनेचे आकडे घेऊन लोकसंख्येची घनता काढू. जनगणनेच्या क्रमाने लोकसंख्या अशी: वर्धा १३,००,७७४, नागपूर ४६,५३,५७०, भंडारा १२,००,३३४, गोंदिया १३,२२,५०७, गडचिरोली १०,७२,९४२, चंद्रपूर २२,०४,३०७. क्षेत्रफळ मात्र दुसऱ्या कुठल्या तरी तक्त्यातून घेतले आणि तो तक्ता अकारविल्हे होता: गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटर, गोंदिया ५,२३४, चंद्रपूर ११,४४३, नागपूर ९,८९२, भंडारा ४,०८७, वर्धा ६,३०९. दोन्ही व्हेक्टरांतल्या प्रत्येक आकड्याला जिल्ह्याचे नाव व्यवस्थित जोडलेले आहे. पहिल्याला दुसऱ्याने भागा.

आर भागते आणि सहा उत्तरे देते, पहिल्या व्हेक्टरची नावे लावून. नागपूरची घनता ८८९ येते, गडचिरोलीची २६३, चंद्रपूरची ३४९, वर्ध्याची ९०. नागपूरच्या लोकसंख्येला गोंदियाच्या क्षेत्रफळाने भागले गेले आहे. गडचिरोलीच्या लोकसंख्येला भंडाऱ्याच्या क्षेत्रफळाने. खरी घनता नागपूरची ४७० आणि गडचिरोलीची ७४ आहे. महाराष्ट्रातल्या सर्वांत विरळ वस्तीच्या, बहुतांश जंगलाच्या जिल्ह्याची वस्ती कागदावर साडेतीन पट दाट झाली, आणि तीही ‘गडचिरोली’ अशी पाटी लावून. दर चौरस किलोमीटरमागे किती माणसे हे पाहून आरोग्य केंद्र कुठे हवे किंवा एसटीच्या फेऱ्या किती हव्यात हे ठरवणाऱ्यापर्यंत हा आकडा गेला तर काय होईल याची कल्पना करा.

इथे नावे होती. दोन्ही बाजूंना होती. तरी ती कामी आली नाहीत, कारण आर बेरीज-वजाबाकी-भागाकार क्रमाने करते, नावाने नाही. उपाय एका ओळीचा आहे. क्षेत्रफळाच्या व्हेक्टरपुढे चौकटी कंसात लोकसंख्येची नावे लिहायची. म्हणजे क्षेत्रफळे त्या नावांच्या क्रमाने उभी राहतात, आणि मग भागायचे. एखादे नाव जुळले नाही तर तिथे रिकामी किंमत येते आणि चूक डोळ्यांना दिसते. घनतेचे उदाहरण एवढे तपशिलाने मांडले, कारण नावे दिली की काम झाले हा समज मी अनेक हुशार विद्यार्थ्यांत पाहतो. आरमधल्या काही क्रिया नावे मानतात: दोन डेटा फ्रेम, म्हणजे आरमधले तक्ते, एकाखाली एक जोडताना स्तंभ नावाने जुळतात, फंक्शनला दिलेल्या गोष्टी नावाने ओळखल्या जातात. गणिती क्रिया नावे मानत नाहीत, महालनोबिस यांच्या नावाचे फंक्शनही मानत नाही. कोणती क्रिया नाव वाचते आणि कोणती फक्त मिरवते, हे ओळखणे या अभ्यासाचा मोठा भाग आहे.

नाव कसे असावे, या प्रश्नाकडे आता येतो. मृदा आरोग्य पत्रिकेतला ‘स्फुरद’ घ्या. आकडा मूलद्रव्य फॉस्फरसचा आहे की फॉस्फरस पेंटॉक्साइडचा? खताच्या पोत्यावर ऑक्साइड मोजतात. डीएपीच्या पोत्यावरचे १८:४६ मधले ४६ हे पेंटॉक्साइडचे शेकडा प्रमाण आहे. फॉस्फरसचे पेंटॉक्साइड करायचे तर २.२९ ने गुणावे लागते. मातीत हेक्टरी २० किलो फॉस्फरस म्हणजे जवळपास ४६ किलो पेंटॉक्साइड. दोन प्रयोगशाळांच्या लिस्ट एकत्र केल्या, दोन्हींत घटकाचे नाव ‘स्फुरद’ आहे आणि एकीने मूलद्रव्य तर दुसरीने ऑक्साइड लिहिले आहे, तर नाव जुळूनही आकडे जुळत नाहीत. त्यात हेक्टर आणि एकर यांचा घोळ वेगळा. आपल्याकडचा शेतकरी एकरात बोलतो आणि शिफारस हेक्टरात येते, एका हेक्टरात साधारण २.४७ एकर. म्हणून ‘स्फुरद_ऑक्साइड_किलो_हेक्टरी’ असे लांब नाव द्यायला संकोच करू नये. टंकायला चार सेकंद जास्त लागतील. एकक नावात नसेल तर ते माणसाच्या आठवणीत असते, आणि ती आठवण फाइलबरोबर पाठवता येत नाही.

नागपुरात या बाबतीत शिकण्यासारखी एक परंपरा आहे. अमरावती रस्त्यावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय आहे. देशभरच्या मातींची नोंद आणि नकाशे हे या संस्थेचे काम. मृदा सर्वेक्षणात सारख्या गुणधर्मांच्या मातींच्या गटाला ‘शृंखला’ म्हणतात आणि शृंखलेला सहसा ती जिथे प्रथम ओळखली गेली त्या गावाचे किंवा परिसराचे नाव देतात. नागपूर जिल्ह्यातील खोल काळ्या मातीची लिंगा शृंखला मृदाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगणारी, कापसाची ही माती. तिचा उभा छेद घेतला की वरून खाली थर मोजतात. प्रत्येक थराची खोली, रंग, चिकणमातीचे प्रमाण, सामू, चुनखडी अशी नोंद होते. एका छेदात चार थर असतील, दुसऱ्यात सात. चौकोनी तक्त्यात हे सहज बसत नाही. प्रत्येक छेद एक लिस्ट, तिच्यात थरांची लिस्ट, आणि शृंखलेच्या नावाने हाक मारता येईल अशी सर्व छेदांची मोठी लिस्ट, ही मांडणी मात्र मातीच्या मूळ रचनेशी जुळते.

पण मला शृंखलेच्या नामकरणातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दख्खनच्या काळ्या मातींना अमेरिकन वर्गीकरण पद्धतीत पूर्वी क्रोमुस्टर्ट, पेलुस्टर्ट अशा गटांत घालत. १९९० च्या दशकात ती पद्धत सुधारली गेली, हे गट मोडले आणि त्यांतल्या अनेक माती हॅप्लुस्टर्ट झाल्या. शृंखलेचे नाव तेच राहिले. वर्गीकरण हा अभ्यासकांचा त्या त्या काळचा निष्कर्ष असतो आणि तो बदलणे हे शास्त्र जिवंत असल्याचे लक्षण आहे. नाव निष्कर्षावर ठेवले असते तर निष्कर्षाबरोबर तेही बदलावे लागले असते आणि जुन्या नोंदी पोरक्या झाल्या असत्या. गावावर ठेवल्यामुळे लिंगाच्या १९८० मधल्या आणि आजच्या नोंदी एकाच नावाखाली बसतात, वर्गीकरण हा त्या लिस्टमधला एक घटक होतो, आणि तो हवा तेव्हा बदलता येतो. विद्यार्थी आपल्या लिस्टमधल्या घटकांना ‘चांगला_प्लॉट’, ‘अंतिम_तक्ता’, ‘अंतिम_तक्ता_नवा’ अशी नावे देतात, तेव्हा ते निष्कर्षालाच नाव करतात. प्लॉटला त्याच्या जागेचे नाव द्या. तो चांगला की वाईट हे त्याच्या आत लिहा.

नावे टिकवण्याचा विचार एकदा मनात रुजला की आरची इतर वागणूकही कळू लागते. तक्ता जिल्ह्यानुसार वेगळा केला की ‘स्प्लिट’ हे फंक्शन लिस्ट देते आणि तिच्या घटकांना जिल्ह्यांची नावे आपोआप लागतात. त्या लिस्टवर ‘एलॲप्लाय’ चालवले तर नावे टिकतात. ‘अनलिस्ट’ केले तर आतली-बाहेरची नावे मधे टिंब देऊन जोडली जातात, आणि एका नावाखाली अनेक आकडे असले तर शेवटी क्रमांकही चिकटतो. फाइल वाचताना स्तंभाच्या नावात मोकळी जागा असेल तर आर तिथेही टिंब ठेवते, तसे नको असेल तर सांगावे लागते. यातले काही पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक पायरीनंतर नेम्स छापून पाहण्याची सवय लावा, बाकी आपोआप येते.

मराठीत नावे द्यावीत का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. द्यावीत, असे माझे उत्तर आहे. पण देवनागरीची एक अडचण आधी समजून घ्यावी. नागपूर ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी होते, त्यातला ‘वऱ्हाड’ हाच शब्द घ्या. संगणकावर तो दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत नुक्त्यासह असलेला स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त; दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर आणि छापील कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. आरला अक्षरे मोजायला सांगितली तर पहिल्यात सहा भरतात, दुसऱ्यात सात. दोन्ही समान आहेत का असे विचारले तर ती नाही म्हणते, आणि तिच्या बाजूने ते बरोबर आहे. एका कारकुनाने एका कळफलकावर, दुसऱ्याने दुसऱ्यावर टंकलेल्या दोन लिस्ट नावाने जोडू गेल्यास वऱ्हाडाला वऱ्हाड सापडणार नाही. तऱ्हा, दऱ्या, कोऱ्या, शेतकऱ्याचे नाव, सगळीकडे हाच धोका. युनिकोडचे प्रमाणीकरण करणारी फंक्शने आहेत, पण ती जोडचिन्हाचे रूप स्वतंत्र ‘ऱ’ मध्ये बदलत नाहीत. ते बदलण्याची ओळ आपणच लिहावी लागते आणि ती फाइल वाचल्याबरोबर, इतर कशाच्याही आधी चालवावी लागते.

विंडोजवर आरमध्ये देवनागरीचे हाल पूर्वी याहून जास्त होते. २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० या आवृत्तीपासून नव्या विंडोजवर आर युनिकोडची यूटीएफ-८ ही लिपिसंहिता मूळ म्हणून वापरते आणि बरीच कटकट संपली. तरीही काही यंत्रांवर मात्रा असलेली नावे उघडी लिहिली तर आर अडखळू शकते. अशा वेळी नावाभोवती उलटे अवतरणचिन्ह, म्हणजे बॅकटिक, द्यावे. ते सर्वत्र चालते.

सर्वांत अवघड बाब शेवटी. वस्तूचे नावच सरकारदरबारी बदलते तेव्हा काय करायचे? २०२३ साली औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबाद धाराशिव झाला. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. त्याआधी १९६० च्या दशकात चांदा हे नाव जाऊन चंद्रपूर आले होते. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत बीडचे स्पेलिंग ‘बिड’ असे, रायगडचे ‘रायगढ’ असे आणि बुलढाण्याचे ‘बुलडाणा’ असे वाचले जाईल अशा रीतीने छापले आहे. राज्य सरकारच्या तक्त्यांत वेगळे. नाव घटकासोबत चालते असे मी वर म्हटले, ते इथे लंगडे पडते हे मान्य करायला हवे. म्हणूनच जनगणना विभाग प्रत्येक जिल्ह्याला एक संकेतांक देतो. २०११ मध्ये नागपूरचा ५०५, वर्ध्याचा ५०४, चंद्रपूरचा ५०९. हा क्रमांक दिसला तरी यादीतल्या जागेवर तो अवलंबून नाही. जिल्हा यादीत कुठेही असो, त्या जनगणनेपुरता त्याचा संकेतांक तोच राहतो, म्हणजे वागणुकीने ते नावच आहे. जोडण्या संकेतांकावर कराव्यात, माणसांना दाखवायची नावे शेवटी लावावीत, आणि जुने नाव, नवे नाव, बदलाची तारीख व संकेतांक अशा चार स्तंभांचा एक छोटा तक्ता कामाच्या फोल्डरमध्ये पहिल्या दिवशीच करून ठेवावा.

महाराष्ट्रापुरता असा तक्ता करायला एखाद्या विद्यार्थ्याला एक दुपार पुरेल. ३६ जिल्हे आहेत. पालघर २०१४ मध्ये झाला, त्यामुळे २०११ च्या संकेतांकांत तो नाही आणि त्याच्यासाठी ठाण्याच्या तालुक्यांपर्यंत खाली जावे लागेल. तालुक्यांच्या नावांत इंग्रजी स्पेलिंगचे किती प्रकार निघतात हे तिथे पोचल्यावर कळेल. या क्षेत्रात पाऊल टाकू पाहणाऱ्याने सुरुवात त्या तक्त्यापासून करावी, आणि झाल्यावर तो इतरांना वापरायला मोकळा ठेवावा.